तुरुंगातील अर्ज : बंद्यांचे लेखनशिक्षण आणि व्यवसायशिक्षण यांचा एकत्र विचार

१. विषयप्रवेश

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तुरुंगाला एक मानाचे स्थान लाभलेले आहे. १८८२ साली आगरकर आणि टिळक यांनी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात एकशेएक दिवस काढले. त्या दिवसांचे वर्णन करणारे आगरकरांचे पुस्तक हा मराठीतील तुरुंगविषयक गद्याचा एक आरंभबिंदू मानता येतो. पुढे मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. अंदमानातील कारावासावर सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ १९२७ साली आले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. ही परंपरा आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो आणि तिच्याविषयी रास्त अभिमानही बाळगतो.

या परंपरेकडे पाहताना एक गोष्ट मात्र सहसा नजरेआड होते. हे सर्व लेखक तुरुंगात गेले तेव्हा लेखकच होते, किंवा निदान उत्तम लिहिते-वाचते होते. त्यांच्या शेजारच्या बराकीत दळण दळणारा, दोर वळणारा, कोलू ओढणारा सामान्य बंदी या वाङ्मयात येतो तो श्रोता म्हणून, सोबती म्हणून किंवा वर्णनाचा विषय म्हणून. त्याच्या हाती लेखणी कशी आली, किंवा का आली नाही, हा प्रश्न आपल्या अभ्यासात फारसा विचारला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न अध्यापनाच्या दृष्टीने मांडावयाचा आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : बंद्याला लिहावयास शिकवणे आणि त्याला व्यवसाय शिकवणे ही दोन वेगळी कामे नाहीत. दोहोंना जोडणारा लेखनप्रकार म्हणजे अर्ज. म्हणून तुरुंगातील लेखनशिक्षणाचा आरंभ अर्जापासून व्हावा आणि हे शिक्षण देणे हे मराठीच्या अध्यापकाचे, त्याच्या विषयाच्या कक्षेतलेच, काम मानले जावे.

२. परंपरेतील शिक्षक

तुरुंगवाङ्मयाच्या परंपरेत शिकवणारे नव्हतेच, असे नाही. ‘माझी जन्मठेप’मध्ये लेखनसाहित्याच्या अभावी भिंतींवर कविता कोरून त्या पाठ करण्याचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. त्याच ग्रंथात बंद्यांना साक्षर करण्याच्या खटपटीचा वृत्तांत आहे. अधिकाऱ्यांचा संशय, बंद्यांची उदासीनता आणि पुस्तकांची वाण यांतून वाट काढीत ही खटपट चालली होती. या भागाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. मंडालेत टिळकांना लेखनाची मुभा होती ती शिसपेन्सिलीची. शाई मिळत नव्हती. कागद, लेखणी आणि शाई यांवरील नियंत्रण हा शिक्षेचाच एक भाग होता, हे या दोन्ही उदाहरणांवरून ध्यानात येते. ज्या व्यवस्थेला लेखनाचे इतके भय वाटत होते, तिला त्याचे सामर्थ्य पुरते ठाऊक होते, असेच म्हणावे लागेल.

धुळ्याची प्रवचने दुसऱ्या दृष्टीने बोधप्रद आहेत. तेथे एक बोलणारा होता, एक लिहून घेणारा होता आणि पुष्कळ ऐकणारे होते. बोलीतून ग्रंथ कसा सिद्ध होतो याचा तो नमुना होय. ज्यांना लिहिता येत नाही, पण ज्यांच्या तोंडी अभंग, ओव्या, लावण्या, पोवाडे आणि गावकीच्या हकिकती आहेत, अशा प्रौढांना शिकवताना हीच वाट उपयोगी पडते : आधी बोलणे, मग त्या बोलण्याचे लिहून घेणे आणि शेवटी आपले बोलणे कागदावर ओळखणे.

३. तुरुंगाचा कारभार आणि निरक्षर माणूस

तुरुंग ही दगडी भिंतींची संस्था दिसते. तिचा सारा कारभार मात्र कागदावर चालतो. वॉरंट, निकालपत्राची प्रत, माफीचा हिशेब, मुलाकतीची नोंद, संचित रजेचा वा पॅरोलचा अर्ज, अपिलाचा मसुदा, वेतनाची नोंद या सर्वांत बंद्याचे नाव असते, अक्षर मात्र क्वचितच त्याचे असते. लिहिता येणारा एखादा बंदी ‘रायटर’ म्हणून काम करतो आणि इतरांचे अर्ज लिहून देतो. या व्यवहारात उपकार असतो, तशीच अवलंबिताही असते. ज्याचा अर्ज दुसऱ्याने लिहिला, त्याला आपण काय मागितले हेच कित्येकदा नेमके माहीत नसते.

या प्रश्नाचे गांभीर्य सर्वोच्च न्यायालयाच्या तीन निर्णयांवरून स्पष्ट होते. योगायोगाने त्यांपैकी दोन महाराष्ट्रातून गेलेले आहेत.

पहिला निर्णय १९६५ चा. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. तेथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले. प्रकाशनासाठी हस्तलिखित बाहेर पाठवण्याची परवानगी त्यांनी मागितली. ती शासनाने नाकारली. स्थानबद्धाला असा हक्क नियमांत दिलेला नाही, असा शासनाचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. नियम स्थानबद्धाला हक्क देत नसून त्याच्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालतात. जेथे मर्यादा घातलेली नाही तेथे स्वातंत्र्य शिल्लकच असते, असा त्या निर्णयाचा आशय आहे. या खटल्याच्या केंद्रस्थानी एक मराठी हस्तलिखित आहे, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावयास हवी.

दुसरा निर्णय म. ह. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातील, १९७८ चा. शिक्षा झालेल्या व्यक्तीला निकालपत्राची प्रत वेळेवर व विनामूल्य मिळाली पाहिजे आणि ती पोचल्याची लेखी पोच तुरुंगाधिकाऱ्यांनी तिच्याकडून घेतली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. येथे अध्यापकाचा प्रश्न उभा राहतो. पोच अंगठ्यानेही देता येते. अंगठा उमटला की प्रत पोचली. पण ती वाचली गेली काय? आपल्याला शिक्षा का झाली, किती झाली आणि तिच्याविरुद्ध कोठे दाद मागावयाची, हे ज्या कागदावर लिहिले आहे तो कागद उशाशी ठेवून निजणारा माणूस जर तो वाचू शकत नसेल, तर त्याला मिळालेला हक्क अर्धाच राहतो.

तिसरा निर्णय सुनील बत्रा प्रकरणातील. दिल्लीच्या तिहार तुरुंगातील या बंद्याने दुसऱ्या एका बंद्याच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले आणि १९७९ च्या डिसेंबरात निर्णय दिला. साध्या पत्राने एवढे घडू शकते, हे वर्गात सांगण्याजोगे उदाहरण आहे. बंद्यांमध्ये अन्याय सोसणारे पुष्कळ असतात. तो कोणाला, कोठे आणि कसा लिहून कळवावा हे जाणणारे थोडे असतात.

४. व्यवसाय आणि त्याची भाषा

स्वातंत्र्यपूर्व काळातच १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने बंद्याची सुधारणा आणि पुनर्वसन ही शिक्षेची उद्दिष्टे म्हणून मांडली. १९८३ साली अहवाल सादर करणाऱ्या मुल्ला समितीने शिक्षण व व्यवसायप्रशिक्षण यांचा विस्ताराने विचार केला. संयुक्त राष्ट्रांच्या १९५५ च्या किमान नियमांत आणि २०१५ साली नेल्सन मंडेला यांचे नाव देऊन सुधारलेल्या नियमांतही निरक्षर बंद्यांच्या शिक्षणावर विशेष भर आहे. महाराष्ट्रात याहून वेगळा आणि अधिक धाडसी प्रयोग औंध संस्थानात झाला होता. १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तिच्या कल्पनेमागे मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा होती. भिंतीविना, शेती करीत, कुटुंबासह राहणारे बंदी ही त्या काळी अद्भुत वाटणारी गोष्ट होती. माणदेशाचेच सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी तिच्यावर बेतलेली कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट १९५७ साली प्रदर्शित झाला. बंद्याला विश्वासाने काम दिले की तो माणूस म्हणून उभा राहतो, हे सूत्र त्या चित्रपटाने देशभर पोचवले.

पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहातही सुतारकाम, शिवणकाम, विणकाम असे उद्योग चालत आलेले आहेत. ‘येरवडा कारागृह मुद्रणालय’ ही मुद्रा तर कित्येक शासकीय प्रकाशनांवर आपण पाहिलेली असते. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांना त्यांच्या कामाचे न्याय्य वेतन मिळावे आणि त्यातील काही भाग गुन्ह्यातील पीडितांच्या भरपाईसाठी राखून ठेवावा, असे सांगितले. म्हणजे काम आहे, कौशल्य आहे आणि वेतनही आहे. उणीव आहे ती या कौशल्याला शब्दांत मांडण्याची.

सुतारशाळेत सहा वर्षे काम केलेला बंदी बाहेर पडतो तेव्हा त्याच्या हातांना सर्व ठाऊक असते. पण गिऱ्हाईक त्याला विचारते : दाराला किती लाकूड लागेल, मजुरी किती, काम केव्हा पुरे होईल? याचे उत्तर तोंडी देता येते, पण काम मिळते ते अंदाजपत्रक लिहून देणाऱ्याला. बँक कर्ज देते ते कागद पाहून. कारखान्यात नोकरी मागावयाची तर अर्जात मागील कामाचा तपशील द्यावा लागतो. तेथे ती सहा वर्षे कोठे होती हा प्रश्न येतोच. हा प्रश्न टाळून लिहिणे, खोटे लिहिणे आणि नेटकेपणाने खरे लिहिणे या तीन वाटांपैकी तिसरी शिकवावी लागते. ‘सुतारकामाचा सहा वर्षांचा अनुभव, काम येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या सुतारशाळेत शिकलो, दारे, खिडक्या व कपाटे स्वतंत्रपणे करतो’ एवढ्या मजकुरात लपवाछपवीही नाही आणि लाचारीही नाही. मालक नाही म्हणू शकतो. पण त्याचा नकार आता माणसाच्या कामाचे वर्णन वाचून दिलेला असेल.

५. अध्यापनाची रूपरेषा

(अ) पहिले शब्द. ब्राझीलमधील अध्यापक पाउलो फ्रेअरे यांनी १९६३ च्या सुमारास शेतमजुरांना साक्षर करताना त्यांच्या जगण्यातले मोजके शब्द निवडले आणि त्या शब्दांतील ध्वनींची फोड करून नवे शब्द घडवून घेतले. देवनागरीत ही पद्धत विशेष सुलभ होते. सुतारशाळेतील बंद्यांसाठी ‘करवत’ हा पहिला शब्द घ्यावा. त्यात चार अक्षरे असून एकही मात्रा वा काना नाही. त्यातून ‘कर’, ‘वर’, ‘तर’, ‘करत’ हे शब्द लगेच होतात. दुसरा शब्द ‘माप’ घेतला की काना येतो. आता या सहा व्यंजनांतून आणि एका कान्यातून ‘काम’, ‘वार’, ‘पाव’, ‘मत’, ‘पत’, ‘वापर’, ‘कामावर’, ‘करार’, ‘परत’ असे शब्द विद्यार्थी स्वतः जुळवू शकतो. ‘करार’ आणि ‘परत’ हे दोन शब्द त्याच्या जगण्याच्या किती जवळचे आहेत हे सांगण्याची आवश्यकता नाही. बालवाडीतील ‘कमळ’ प्रौढ बंद्यापुढे ठेवणे म्हणजे त्याच्या वयाचा आणि कसबाचा अनादर होय. विणकरासाठी माग, धोटा, ताणा-बाणा आणि शिंप्यासाठी माप, काज, अस्तर, शिवण हे शब्द अशाच रीतीने योजता येतील.

(आ) बोली आणि प्रमाणभाषा. बंद्यांत वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारे असतात, तसेच पारधी बोली, उर्दू, कन्नड वा हिंदी बोलणारेही असतात. पहिल्या टप्प्यावर शुद्धलेखनाची तंबी देऊ नये. घरच्या पत्राला बोली शोभते. अर्जाला प्रमाणभाषा लागते. एकच मजकूर आईला आणि अधीक्षकांना असा दोनदा लिहावयास दिला म्हणजे भाषेचे स्तर व्याख्यानावाचून कळतात. समाजभाषाविज्ञानाच्या आपल्या अभ्यासपत्रिकेतील सिद्धांत येथे प्रत्यक्ष कामाला येतो.

(इ) अर्ज. समजा, भीमाकाठच्या वडगाव रासाईचा (तालुका शिरूर) एक शेतमजूर येरवड्यात शिक्षा भोगीत आहे आणि पावसात घर पडल्यामुळे त्याला पॅरोल हवा आहे. पॅरोल व संचित रजा यांचे १९५९ चे मुंबई नियम आणि त्यांतील नंतरच्या सुधारणा यांनुसार जवळच्या नातेवाइकाचे गंभीर आजारपण, पूर, घर कोसळणे अशी कारणे ग्राह्य धरली जातात आणि पोलिसांचा अहवाल मागवला जातो. ठरावीक साच्यातला अर्ज असा असतो : ‘अर्जदार अत्यंत गरीब असून घरी कमावणारे कोणी नाही, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करून रजा मंजूर करावी ही नम्र विनंती.’ या वाक्यात दुःख आहे, पण माहिती नाही. तोच अर्ज असा लिहिता येईल : ‘वडगाव रासाई येथील माझ्या घराची मागची भिंत गेल्या महिन्याच्या पावसात पडली. घरात माझी आई एकटी राहते. भिंत पडल्याची नोंद ग्रामपंचायतीत केलेली आहे. भिंत बांधण्यासाठी मला रजा मिळावी. रजेत मी आईकडेच राहीन.’ दुसऱ्या मसुद्यात काय घडले, कोणाला अडचण आहे, पुरावा कोठे आहे, मागणे काय आहे आणि हमी कोणती आहे, ही पाच उत्तरे आलेली आहेत. अहवाल देणाऱ्या पोलिसाला पडताळून पाहता येईल असे प्रत्येक वाक्य आहे. गद्याची गुणवत्ता म्हणून आपण जे शिकवतो, म्हणजे नेमकेपणा, क्रम, वाचकाचे भान, ते सर्व येथे पणाला लागते. फरक इतकाच की येथे ते न साधल्यास गुण कमी होत नाहीत, आईचे घर पावसात राहते.

(ई) आत्मकथन. बाहेरून येणाऱ्या हौशी शिक्षकाला बंद्याने ‘आपली कहाणी’ लिहावी असे वाटते. येथे संयम हवा. भारतातील तुरुंगांत सुमारे तीन-चतुर्थांश बंदी न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा खटला अद्याप चालू आहे असे, असतात. गुन्ह्याविषयी वहीत लिहिलेले वाक्य त्यांना अडचणीत आणू शकते. म्हणून गुन्ह्यावर लिहावयास सांगू नये. बालपण, शिकलेले कसब, गावची नदी, हातून घडलेली एखादी वस्तू हे विषय पुरेसे समृद्ध आहेत. लिहिलेले कागद ज्याचे त्याच्याकडे असावेत आणि त्याच्या संमतीवाचून ते कोठेही छापू अथवा वाचू नयेत. बंद्याच्या दुःखातून आपल्याला निबंधाचे साहित्य मिळते, हा मोह अभ्यासकाने ओळखावा.

(उ) पाठाची लांबी. न्यायाधीन बंदी आज वर्गात असतो, उद्या जामिनावर सुटतो किंवा दुसऱ्या तुरुंगात जातो. त्यामुळे वर्षभराचा क्रमबद्ध अभ्यास त्याला लागू पडत नाही. प्रत्येक पाठ एका बैठकीत पुरा व्हावा आणि त्यातून एक वापरण्याजोगा कागद त्याच्या हाती यावा : एक पत्र, एक पावती, एक अर्ज. दीर्घ मुदतीच्या शिक्षाधीन बंद्यांसाठी मात्र दूरशिक्षणाची वाट खुली आहे. १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ यांची अभ्यासकेंद्रे राज्यातील कारागृहांत चालतात आणि त्यांतून बंद्यांनी पदव्या मिळवलेल्या आहेत. पदवी आणि अर्ज यांमधली जी पायरी आहे, म्हणजे अक्षरओळखीपासून स्वतंत्र वाक्यापर्यंतची, ती बांधण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी करू शकतात.

६. वाङ्मयीन फलित

या शिक्षणातून वाङ्मय निर्माण होईल काय, असा प्रश्न मराठीच्या विभागात विचारला जाणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. पण एक उदाहरण विचारार्थ ठेवता येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी संशय उरला. त्या संशयाच्या छायेत वाढलेले लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोलिसांच्या नोंदवहीत ज्यांची नावे इतरांनी लिहिली, त्यांच्यातल्या एकाने आपले नाव स्वतः लिहिले, असे या ग्रंथाचे वर्णन करता येईल. मराठी दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी आपल्या वाङ्मयाची सीमा रुंदावली, ती शाळेत मिळालेल्या अक्षराच्या बळावर. तुरुंगातील अक्षरातून असेच काही उगवेल किंवा उगवणार नाही. अर्ज लिहिता येण्याचे मोल त्यावर अवलंबून ठेवू नये.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, मराठी तुरुंगवाङ्मयाचा अभ्यास करताना लेखकांबरोबर त्यांच्या निरक्षर सोबत्यांचाही विचार व्हावा. ‘माझी जन्मठेप’मधील साक्षरतेचा वृत्तांत आणि संझगिरी खटल्यातील हस्तलिखित ही त्यासाठी चांगली साधने आहेत. दुसरी, अर्ज, पत्र, पावती, अंदाजपत्रक या व्यावहारिक लेखनप्रकारांना अभ्यासक्रमात दिले जाणारे दुय्यम स्थान तपासून पाहावे. ज्याच्याजवळ दुसरे कोणतेही साधन नाही अशा माणसाचा हा पहिला आणि पुष्कळदा एकमेव ग्रंथ असतो. तिसरी, व्यवसायशिक्षकाने रंधा धरावयास शिकवावे आणि भाषाशिक्षकाने त्याच रंध्याविषयी चार वाक्ये लिहावयास शिकवावे. दोघे एकाच सुतारशाळेत भेटले तर दोघांचेही काम हलके होईल.

विद्यापीठाच्या मराठी विभागांना हे काम सुरू करण्यास मोठ्या निधीची गरज नाही. जवळच्या कारागृहाच्या अधीक्षकांची परवानगी, आठवड्यातील दोन तास, पाट्या, पेन्सिली आणि चिकाटीचे दोन विद्यार्थी एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. परवानगीसाठी अर्थातच अर्ज करावा लागेल. आपल्या विद्यार्थ्यांना तो नेमका आणि सरळ लिहिता यावा, ही त्या कामाची पहिली कसोटी ठरेल.